लस घेतली आणि खांदा धरला: भरपाई मागू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र अमेरिकेत नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या एका वाचक भगिनीचं आहे. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी फार्मसीत एकाच वेळी फ्लूची आणि कोविडची लस घेतली, एका दंडात एक आणि दुसऱ्यात दुसरी. त्याच रात्री डावा खांदा ठणकायला लागला, तो आठ महिने झाले तरी थांबलेला नाही. हात पाठीमागे जात नाही, वेणी घालता येत नाही, डाव्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरांकडे त्या गेल्या थेट जानेवारीत. मध्ये दिवाळी होती, ऑफिसचं वर्षअखेरीचं काम होतं, आणि लस घेतली की हात दुखतोच, असं वाटत होतं. डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर, या वयात होतं’ म्हणून फिजिओथेरपी लिहून दिली. अशा दुखापतीला भरपाई मिळते, असं एका मैत्रिणीनं सांगितलं. पती नको म्हणतात: ग्रीन कार्ड रांगेत असताना सरकारवर केस कशाला? त्यांच्या स्वतःच्या मनात वेगळंच आहे. लस देणारी मुलगी गोड होती, तिची नोकरी गेली तर? आपण लसीविरोधी लोकांच्या पंगतीत जाऊन बसलो तर? शिवाय वकील तिसरा हिस्सा घेणार. ‘खांदा काय, आज ना उद्या सुटेल. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढणं हावरटपणा नाही का?’ असं त्या विचारतात. जाता जाता त्यांनी लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी मानेसाठी फिजिओथेरपी घेतली होती, ‘पण ते वेगळं’. आणि फार्मसीच्या नोंदीत फ्लूची लस उजव्या दंडात दिल्याचं छापलंय, ‘ती चूक असणार’.

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन ओळी तुम्ही अगदी शेवटी, हात झटकल्यासारख्या लिहिल्या आहेत. त्यांच्याकडे येते, पण आधी ज्या गोष्टींनी तुमची झोप उडवली आहे त्यांचं पाहू. मी वकील नाही. खालचं वाचून निर्णय घेऊ नका. वकिलाला काय विचारायचं ते मात्र यातून नक्की ठरवा.

तुम्ही आणि तुमचे पती दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: भरपाई मागायची म्हणजे कुणावर तरी बोट ठेवायचं. पतींच्या मते सरकारवर, तुमच्या मते त्या मुलीवर. खरं तर हा सगळा कार्यक्रम उभा राहिला तोच बोट ठेवण्याची गरज पडू नये म्हणून. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लस बनवणाऱ्या कंपन्यांवर इतके दावे पडू लागले की कंपन्या एकेक करून धंदा सोडायला लागल्या आणि लसींचा तुटवडा पडण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा १९८६ साली काँग्रेसनं कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८पासून राष्ट्रीय लस-इजा भरपाई कार्यक्रम, म्हणजे व्हीआयसीपी, सुरू झाला. यात कुणाची चूक झाली हे सिद्ध करावं लागत नाही. पैसे येतात लसीवरच्या करातून: लस जितके आजार रोखते, त्या प्रत्येकामागे दर डोसला ७५ सेंट. तुमच्या फ्लूच्या लसीमागेही हे ७५ सेंट त्या निधीत गेलेले आहेत.

कागदोपत्री प्रतिवादी असतात अमेरिकेचे आरोग्यमंत्री, आणि त्यांची बाजू न्याय खात्याचे वकील मांडतात. दावा वॉशिंग्टनमधल्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये दाखल होतो. तिथे ज्युरी नसते, ‘स्पेशल मास्टर’ म्हणवले जाणारे अधिकारी निकाल देतात. खांद्याचे बहुतेक दावे कागदपत्रं आणि फोनवरच उरकतात, कोर्टाची पायरी प्रत्यक्षात चढावी लागत नाही. ती मुलगी या दाव्यात पक्षकार नसते. उलट व्हीआयसीपीत बसणारी लस असेल, तर आधी इथे न येता लस देणाऱ्यावर किंवा कंपनीवर थेट मोठा दावा लावायला कायद्यानंच मनाई आहे. तेव्हा तिच्या नोकरीचं ओझं तरी खांद्यावरून उतरवा. (खांद्यावर आधीच पुरेसं आहे.)

लसीविरोधी ठरण्याचं म्हणाल, तर ही दुखापत बहुतेक वेळा सुई कुठे टोचली त्यामुळे होते. लस द्यायची ती दंडाच्या जाड स्नायूत, म्हणजे खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली. सुई त्याहून वर गेली तर ती स्नायूऐवजी खांद्याच्या सांध्याजवळच्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीत शिरू शकते. लस तिथे पडली की शरीर तिच्याशी तिथेच झुंजायला लागतं, सूज येते आणि खांदा धरतो. याला ‘सिर्वा’ असं छोटं नाव आहे. दंडात सुई टोचण्यानं बर्साला सूज येऊ शकते, याचा पुरावा पक्का असल्याचं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननंही मान्य केलेलं आहे. गेल्या काही वर्षांत व्हीआयसीपीत येणाऱ्या दाव्यांत निम्म्याहून अधिक खांद्याचेच असतात. लस घ्यावी असं मानणाऱ्यांनीच ही व्यवस्था बांधली. क्वचित कुणाला इजा झाली तर त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, हाही लसीकरणाचाच भाग आहे. तुम्ही अर्ज केलात म्हणून तुमची मतं बदलत नाहीत.

आता जरा उलट बाजूनं विचार करू, कारण तुम्हालाही ‘हे लसीमुळेच’ याची जरा जास्तच खात्री आहे. तुमचे डॉक्टर अगदीच चुकीचं बोलले नाहीत. फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो, बायकांमध्ये जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर आणखी जास्त. तो लसीशिवायही होतो, आणि कधीकधी सिर्वानं सुरू झालेलं दुखणं पुढे फ्रोझन शोल्डर होऊन बसतं. म्हणजे डॉक्टरांचं निदान आणि तुमचा संशय दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. फरक करायचा तो सुरुवातीवरून. लसीनंतर हात दुखणं सगळ्यांनाच माहीत आहे, पण ते चार दिवसांत जातं. हे गेलं नाही.

म्हणूनच २०१७च्या मार्चमध्ये सिर्वाचा समावेश अधिकृत इजांच्या तक्त्यात झाला तेव्हा चार गोष्टी ठरवल्या गेल्या. लसीआधी त्या खांद्यात दुखणं, सूज किंवा हालचालीचा त्रास नसावा. दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालेलं असावं. दुखणं आणि हालचालीतली अडचण लस घेतलेल्या खांद्यापुरतीच असावी. आणि दुसऱ्या कशानं, विशेषतः मानेतून येणाऱ्या नसेच्या त्रासानं, ते दुखणं समजावता येऊ नये. या चारही गोष्टी जुळल्या तर लसीमुळे झालं हे गृहीत धरलं जातं आणि नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर जाते. एखादी हुकली तर दावा संपत नाही, पण मग कार्यकारणभाव तुम्हाला सिद्ध करावा लागतो आणि तिथे तज्ज्ञ डॉक्टरांची मतं, लेखी अहवाल असा लांबचा रस्ता आहे. याशिवाय त्रास लसीनंतर सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा लागतो किंवा त्यासाठी इस्पितळात भरती होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. तुम्ही आठव्या महिन्यात आहात, म्हणजे ती अट पुरी होते.

मग अडचण कुठे येते? कागदात. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तुमच्या डॉक्टरांच्या पेशंट पोर्टलवर जाऊन जानेवारीच्या भेटीची नोंद उघडा आणि ‘सुरुवात’ या शब्दाशेजारी काय लिहिलंय ते वाचा. बहुतेकदा तिथे ‘काही आठवड्यांपासून, हळूहळू’ असलं काहीतरी सापडतं. तुम्ही ‘ऑक्टोबरात लस घेतल्यापासून’ म्हणाला असाल, किंवा कदाचित म्हणालाही नसाल. आपल्याकडच्या बायका डॉक्टरसमोर बसल्या की दुखणं कमी करून सांगतात: ‘बरेच दिवस झाले, थोडंसं दुखतं.’ त्या दोन शब्दांवर सरकारी वकील अडून बसू शकतात, कारण त्या वेळी लिहिलेली नोंद नंतरच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वासार्ह मानली जाते. नोंद चुकीची असेल तर डॉक्टरांना ती पुसायला सांगू नका. पोर्टलवरून साधा निरोप पाठवा: दुखणं अमुक तारखेला लस घेतल्यावर त्याच रात्री सुरू झालं, हे माझ्या नोंदीत जोडता येईल का? आणि तुमच्या फिजिओथेरपिस्टनं पहिल्या दिवशी भरून घेतलेला फॉर्मही मागवा. ‘केव्हापासून, कशामुळे’ हे त्यावर तुमच्याच अक्षरात असेल, आणि अनेकदा तो डॉक्टरांच्या नोंदीपेक्षा बोलका निघतो.

मग फोन उघडा. ऑक्टोबरचे ते दिवस शोधा. बहिणीला, आईला, मैत्रिणीला तुम्ही काहीतरी लिहिलं असेलच: ‘इंजेक्शन घेतलंय, डावा हात वर जात नाहीये’, ‘आज फराळ करायला जमणार नाही’. ऑफिसला पाठवलेली रजेची मेल. वेदनाशामक गोळ्यांची ऑनलाइन ऑर्डर. हे सगळं तारखेसकट जपून ठेवा, स्क्रीनशॉटसोबत मूळ संभाषणही राहू द्या. जानेवारीपर्यंत डॉक्टरांकडे न जाण्याची तुमची कारणं साधी आणि खरी आहेत, आणि अडीच-तीन महिन्यांच्या उशिरामुळेच दावे फेटाळले जातात असं नाही. उशीर झाला तरी मधल्या काळात दुखत होतं, हे दाखवणारं काहीतरी हवं. घरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्रही चालतं, म्हणजे आज नको म्हणणारे तुमचे पतीच उद्या तुमचे साक्षीदार होऊ शकतात.

आता ती फार्मसीची नोंद. ‘ती चूक असणार’ म्हणून तुम्ही पुढे गेलात, पण तुमच्या बाबतीत सगळं या एका ओळीवर उभं आहे. फ्लूची लस व्हीआयसीपीत बसते. कोविडची बसत नाही. तिच्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे, सीआयसीपी नावाचा, आणि तो जवळजवळ सगळ्याच बाबतीत कंजूष आहे. तिथे वेदनांची भरपाई नाही, वकिलाची फी मिळत नाही, निकालाविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, आणि मुदत लस घेतल्याच्या दिवसापासून फक्त एक वर्ष. कागद म्हणतो तसं फ्लूची लस खरोखर उजव्या दंडात दिली असेल, तर डाव्या खांद्यात गेली ती कोविडची, आणि मग तुमची मुदत येत्या ऑक्टोबरात संपते. तुम्ही म्हणता तसं फ्लूची डावीकडे असेल, तर तुम्हाला पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं आहेत.

फार्मसीच्या नोंदीत दंड चुकणं नवं नाही. बऱ्याच ठिकाणी ती माहिती लस देण्याआधीच संगणकात भरलेली असते, मग आपण ऐनवेळी दुसरा हात पुढे करतो. स्पेशल मास्टरांनाही हे माहीत आहे, त्यांनी अनेक प्रकरणांत छापील नोंदीपेक्षा रुग्णाच्या सातत्यानं सांगितलेल्या हकिगतीवर विश्वास ठेवला आहे. पण त्यांनी विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही. म्हणून शांत बसून आठवा, कुणाशीही चर्चा न करता. आधी कोणती टोचली? कोणत्या हाताला पट्टी होती? त्या संध्याकाळी कुणाला काही म्हणालात का? फार्मसीकडून पूर्ण नोंद मागवा: संमतीपत्र, दोन्ही लसींचे लॉट क्रमांक, दंडाचा उल्लेख. आणि वकिलाला भेटाल तेव्हा हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. तुमची आठवण धूसर असेल तर ती धूसर आहे असंच सांगा. सोयीची आठवण तयार करू नका.

मानेच्या फिजिओथेरपीचंही तेच. मान म्हणजे खांदा नव्हे, हे तुमचं बरोबर. पण लसीच्या आधीच्या तीन वर्षांची सगळी वैद्यकीय कागदपत्रं सहसा द्यावी लागतात, त्यामुळे ते समोर येणारच. तेव्हाच्या नोंदीत ‘वेदना डाव्या खांद्याकडे उतरते’ असं वाक्य असेल, तर चारपैकी पहिल्या आणि शेवटच्या अटीवर प्रश्न उभा राहील. नसेल, तर तुमची बाजू उलट बळकट होईल, कारण त्या काळात कुणीतरी तुमची तपासणी केली आणि खांद्याची तक्रार नोंदवली नाही. दोन्ही शक्यतांत कागद आधी तुम्ही वाचलेला बरा.

वकिलाचा तिसरा हिस्सा मात्र विसरा. मोटार अपघाताच्या दाव्यांवरून लोकांचा तो समज झालेला आहे. व्हीआयसीपीत वकिलाची फी कार्यक्रमच देतो, तुमच्या रकमेतून नाही, आणि वकिलानं तुमच्याकडून वेगळे पैसे घेणं कायद्यात बसत नाही. दावा फेटाळला गेला तरी तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केला असेल तर फी मिळू शकते. म्हणूनच चांगले वकील कमकुवत प्रकरण घ्यायला नाही म्हणतात, आणि त्यांचं ‘नाही’ हाही तुमच्यासाठी फुकटचा सल्ला असतो. दाखल करायचं शुल्क साधारण ४०० डॉलर आहे. वकील तुमच्याच राज्यातला असायला हवा असं नाही, पण त्याला या विशिष्ट कोर्टात उभं राहण्याची परवानगी हवी. लस-दावे घेणाऱ्या वकिलांची यादी कोर्टाच्याच संकेतस्थळावर असते. तीन जणांशी बोला, एकावर थांबू नका.

मिळतं काय? विम्यानं न भरलेला उपचारांचा खर्च, पुढच्या उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, आणि वेदनांसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. हा आकडा ऐकून हरखून जाऊ नका. खांद्याच्या दाव्यांत कमाल रक्कम क्वचितच मिळते. शस्त्रक्रिया न लागलेल्या प्रकरणांत वेदनांची रक्कम बहुधा पाच आकडी असते, शस्त्रक्रिया झाली असेल तर अनेकदा सहा आकडी होते. दुखणं किती तीव्र होतं, किती काळ टिकलं, उपचार किती सलग घेतले, हे पाहिलं जातं. निकाल यायला दोन-तीन वर्षं धरून चाला.

आणि एक गोष्ट जी वकील कधीकधी नंतर सांगतात: निकाल तुमच्या नावासकट कोर्टाच्या संकेतस्थळावर येतो. नाव किंवा खासगी तपशील झाकायचे असतील तर निकालानंतर १४ दिवसांत विनंती करावी लागते, आणि ती मान्य होईलच असं नाही. तुम्हाला ऑफिसात किंवा मंडळात बोभाटा नको असेल, तर हे आधीच विचारात घ्या.

तुमच्या पतींची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. व्हिसावर जगणाऱ्या घरात सरकारी लिफाफा पाहिला तरी पोटात गोळा येतो. पण या कार्यक्रमाला नागरिकत्वाची अट नाही, व्हिसावरच्या माणसालाही दावा करता येतो. ही भरपाई गरिबांसाठीच्या मदत योजनेतली रक्कमही नव्हे. तरीही तुमच्या ग्रीन कार्डच्या वकिलाला एक ईमेल टाका, आणि उत्तर पतींना स्वतः वाचू द्या. तुम्ही सांगितलेलं आणि वकिलानं लिहिलेलं, यात घरात किती फरक पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

राहिला हावरटपणा. आठ महिने एका कुशीवर झोपणारी बाई ‘खांदा काय, सुटेल’ म्हणते तेव्हा ती उदार असते की दमलेली, हे मला पत्रावरून कळत नाही. भरपाई न मागणं हाही पूर्ण मानाचा निर्णय आहे. दोन-तीन वर्षं कागद सांभाळायचे, दुखण्याची उजळणी करत राहायची, हे सगळ्यांना मानवत नाही. पण तो निर्णय कागद वाचून, वकिलाशी एकदा बोलून घ्या. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, या सवयीपोटी घेऊ नका, कारण इथे त्रास कुणालाच होत नाहीये. आणि घाई करावी अशी एकच तारीख आहे, ती म्हणजे कोविडच्या कार्यक्रमाची ऑक्टोबरातली. वकिलाची पहिली भेट त्याच्या बरीच आधी, याच महिन्यात ठरवा. तीन वर्षांच्या मुदतीवरही फार विसंबू नका: २०२१च्या जानेवारीत सिर्वाला तक्त्यातून काढण्याचा नियम प्रसिद्ध झाला होता आणि एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला. जे एकदा काढायला निघाले होते, ते पुन्हा निघू शकतात.

दाव्याचं काहीही ठरो, खांद्याचं थांबवू नका. आठ महिन्यांत एमआरआय झालेला दिसत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, बर्साला सूज आहे का, स्नायूबंध फाटलाय का ते पाहू द्या, स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा उपयोग होईल का ते विचारा. केससाठी उपचार घेऊ नयेत, पण केसचा विचार नसता तरी हे करायलाच हवं होतं.

याच विषयावर आणखी काही वाचकांनी विचारलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतातून आलेल्या आईवडिलांनी इथे लस घेतली आणि खांदा धरला, तर तेही दावा करू शकतात. भारतात घेतलेल्या लसीला सहसा हा कार्यक्रम लागू होत नाही. पन्नाशीनंतर दिली जाणारी नागिणीची लस व्हीआयसीपीत बसत नाही, धनुर्वाताची, फ्लूची, कावीळ-बीची बसते. आणि लसीनंतरच्या त्रासांच्या नोंदी घेणाऱ्या व्हेअर्स या सरकारी यंत्रणेत नोंद केली म्हणजे दावा दाखल झाला, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ती नोंद जरूर करा, पण ती सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्यासाठी असते, तिच्यातून पैसे मिळत नाहीत आणि मुदतही थांबत नाही.

तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण येत्या ऑक्टोबरात पुन्हा फ्लूची लस घ्यायची की नाही हा विचार तुमच्या मनात येणारच. डॉक्टरांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर घ्या, उजव्या दंडात. देणाऱ्यालाही बसायला सांगा, कारण आपण बसलेले आणि तो उभा असला की सुई वर टोचली जाण्याची शक्यता वाढते. गळा ओढून खांदा उघडा करू नका, बाही पूर्ण वर सरकेल असा सैल कपडा घाला. आणि कागद हातात आला की कोणती लस कोणत्या दंडात लिहिली आहे ते काउंटर सोडण्याआधी वाचा, चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.